योगराजने सांगितलेला पिक्चर

योगराजने खुर्ची टीव्हीच्या बाजूला ओढली, पडदाही दिसेल आणि लोकांकडेही तोंड राहील अशी तिरकी लावली आणि घसा साफ केला.

"हा टोपीवाला म्हणजे तिथला फौजदार. घोडा दिसतो म्हणून जुना काळ समजू नका. मागे मोटारी उभ्या आहेत."

"मोटारी आहेत तर घोडा कशाला?" मगनने विचारलं.

"गुरं राखायला. आता गप बस, माणूस मेलाय."

सुरतेच्या लिंबायतमधल्या चिंधाच्या खोलीत यंत्रमागांच्या सुट्टीच्या दुपारी व्हिडिओ लागायचा. चिंधाने मारधाडीचा पिक्चर मागितला होता. दुकानदाराने खोक्यावर पिस्तूल पाहून ही कॅसेट दिली. घरी आल्यावर कळलं, इंग्रजी आहे. उन्हातून परत जायला कोणी उठेना, म्हणून योगराजला बोलावलं. तो अमळनेरला बारावीपर्यंत शिकलेला. इंग्रजीत दोनदा नापास झाल्याची गोष्ट मात्र त्याने सुरतेला येताना गाडीतच सोडून दिली होती.

पुरुष पुढे बसले होते, बायका दाराशी. त्यांच्यात आज भागीरथीमाय होती. शोभाबाईने तिला हात धरून आणलं होतं, "घडीभर माणसांत बसा" म्हणून. महिन्यापूर्वी तिचा मुलगा आनंदा शेठच्या खात्यात, म्हणजे कापडाच्या कारखान्यात, मागावर शॉक लागून गेला. शेठचं म्हणणं पडलं, आनंदा दारू प्यालेला होता. सदऱ्याला वास येत होता, हे पोलिसांनीही लिहून घेतलं. या राज्यात दारू पिणं हाच गुन्हा; त्यामुळे मेलेला माणूसच आरोपी झाला. उद्या अकरा वाजता कारखान्यांची तपासणी करणारे सरकारी साहेब कचेरीत जबाब घेणार होते. त्या वेळी मागाजवळ दुसरा माणूस एकच होता, माग दुरुस्त करणारा योगराज.

तो काय सांगणार हे गल्लीला माहीत होतं. शेठ सांगेल ते. त्यासाठी त्याला कोणी वाईटही म्हणत नव्हतं. उलट माणसं मनातल्या मनात त्याच्या नावावर जमा धरत होती. खांदा दिला, राख सावडायला आला, तेराव्याला पंगतीत वाढत होता. समोरच्या रकान्यात काय लिहायचं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. भागीरथीमायने त्याला आजवर एक शब्द विचारला नव्हता.

पडद्यावर धूळ उडत होती. ओसाड माळावर, पाण्याच्या पंपाजवळ एक गुराखी मरून पडला होता, आणि फौजदार उगाच सगळ्यांच्या घरी कॉफी पीत हिंडत होता.

"अर्धा तास झाला, एक ठोसा नाही," चिंधा म्हणाला. "याला मारधाड म्हणतात?"

"मालकानेच मारलाय," मगन म्हणाला. "बूट बघ त्याचे. एवढ्या धुळीत एकट्याचेच चकचकीत."

"ती मेलेल्याची बायको का?" शोभाबाईने विचारलं. "पँट घातली आहे, पण रडते आपल्यासारखीच."

योगराज सगळ्यांना उत्तरं देत होता. पिक्चर सांगताना त्याची मराठी पुस्तकातली व्हायची. 'मालकाने मुकादमास ताकीद दिली', 'फौजदारास संशय आला'. पोरी पदराआड हसत. त्याला ते आवडायचं.

मग कोर्ट आलं. लाकडी कठडा, वर गरगरणारा पंखा. मुकादमाला खुर्चीत बसवलं. समोरच्या वकिलाने काहीतरी लांबलचक विचारलं आणि चष्मा काढला.

"वकील विचारतो, त्या दिवशी तू काय पाहिलंस?" योगराज म्हणाला.

पडद्यावरचा मुकादम गप्प होता. त्याचा चेहरा जवळून दाखवला. त्याने ओठ थोडेसे उघडले, मिटले.

"तो म्हणतो," योगराजने सुरुवात केली आणि थांबला. "तो म्हणतो, मी शेठले आधीच सांगेल व्हतं."

"तिकडेही शेठच असतो का रे?" मगन हसला. बाकी कोणी हसलं नाही.

"मंगळवारी सांगितलं. वायर उघडी पडली आहे, माग बंद ठेवू. शेठ म्हणाला, पट्टी गुंडाळ आणि चालव, माल द्यायचाय. मी पट्टी गुंडाळली. शुक्रवारी तो चिकटला."

पडद्यावर आता न्यायाधीश बोलत होता. योगराज तिकडे बघत नव्हता. स्वतःच्या तळहातांकडे बघत होता.

"त्याने दारू घेतली नव्हती. कधीच घेत नव्हता. बाटली शेठच्या गाडीतून आली. मेल्यावर सदऱ्यावर ओतली."

खोलीतली माणसं मागावरची होती. खात्यात चाळीस माग एकदम खडखडतात तेव्हा कानांचा उपयोग नसतो. समोरच्याचे ओठ बघून बोलणं समजून घ्यावं लागतं. वर्षा-दोन वर्षांत ती सवय अंगात मुरते आणि सुट्टीच्या दिवशीही सुटत नाही. इंग्रजी कोणाला येत नव्हतं. पण खुर्चीतल्या त्या माणसाचे ओठ जेमतेम दोनदा हलले होते, हे प्रत्येकाने पाहिलं होतं. चिंधा पंखा हळू करायला उठला होता, तो बटणावर हात ठेवून तसाच उभा राहिला.

"कोनी ओती?" दारातून भागीरथीमायने विचारलं.

पडद्यावर मुकादम कठड्यातून उतरला, टोपी घातली आणि कोर्टाच्या पायऱ्या उतरून मोकळा निघून गेला.

"मी," योगराज म्हणाला.

नंतरचा पिक्चर कोणी सांगितला नाही, कोणी विचारलाही नाही. शेवटी गोळ्या झाडल्या गेल्या, चकचकीत बुटांचा मालक पंपाजवळच पडला, आणि एरवी अशा वेळी शिट्टी मारणारा चिंधा भिंतीला टेकून बसून राहिला. टीव्हीवर मुंग्या आल्या तेव्हा कुठे त्याला तो बंद करायचं सुचलं.

मग सगळे एकदम पिक्चरबद्दल बोलू लागले. पिक्चरबद्दलच.

"फालतू," मगन म्हणाला. "एवढं कबूल करून मुकादम सुटला कसा? काही ताळमेळ नाही."

"इतके दिवस लागले त्याला बोलायला," शोभाबाई म्हणाली. "त्याच घरी पंगतीत वाढत होता मेला."

"पोरंबाळं असतील त्यालाही," चिंधा हळूच म्हणाला. "नोकरी गेली असती."

"आणि ज्याचा जीव गेला?"

चिंधाने कॅसेट खोक्यात घातली. ती उलटी बसली. त्याने काढून पुन्हा घातली.

माणसं चपला शोधत बाहेर पडली. जाताना योगराजच्या खुर्चीपासून जरा लांबून गेली. एवढ्याशा खोलीत लांबून जायला जागा नव्हती, तरी गेली. भागीरथीमाय उंबऱ्याला हात टेकून उठली आणि आत आली. योगराज खुर्चीतून उठून उभा राहिला.

"मरेलनी माय नव्हती का पिक्चरमा?" तिने विचारलं.

"होती."

"माले तर दिसनी नही."

"दाखवली नाही, माय. मागे बसली होती."

"ती काय बोलनी?"

बाहेर गल्लीत कोणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"अजून काही बोलली नाही," तो म्हणाला.

भागीरथीमायने पदर खोचला. वळून दारापर्यंत गेली, आणि तिथून, त्याच्याकडे न बघता, भाजीवाल्याला सांगावं तशी म्हणाली,

"सकायले एकच रिक्षा सांग. तू नि मी संगेच जाऊत."