ठोंब्याचा उजवा हात

ठोंब्याच्या पोटात एकवीस दिवस आपणच उभे होतो, ही गोष्ट आजोबांनी इतक्या जणांना सांगितली होती की घरी पाहुणा आला की आजी न विचारता चहाचं आधण वाढवायची. आता पाहुणा तासभर हलत नाही, हे तिला ठाऊक. पुढे आजी गेली, पाहुणे कमी झाले, पण गोष्ट काही थांबली नाही. कुणी नसलं तर नात होतीच ऐकायला.

ठोंब्या म्हणजे पंचेचाळीस वर्षांपूर्वीच्या एका सिनेमातला यंत्रमानव. आजोबांचा धंदा पत्र्याचा. डबे, नरसाळी, पिंपं, पन्हळी. एक दिवस स्टुडिओचा माणूस दुकानात आला, कागदावरचं चित्र पुढे केलं आणि म्हणाला, "असला एक माणूस करून द्याल का?" आजोबांनी करून दिला. मापं घ्यायला समोर दुसरं कुणी नव्हतं, म्हणून त्यांनी ती स्वतःच्याच अंगाची घेतली. झालं! तो पत्र्याचा अंगरखा दुसऱ्या कुणाला बसेना. जो नट आत शिरे, तो अर्ध्यावर अडके आणि शिव्या देत बाहेर येई. शेवटी ज्याने केला त्यालाच आत घातलं.

सिनेमाच्या नावांमध्ये आजोबांचं नाव नव्हतं. तिथे 'ठोंब्या : ठोंब्या' असं छापलं होतं. लोकांना ते यंत्र खरंच वाटावं, ही निर्मात्याची शक्कल. आणि लोकांना वाटलंही! काय भोळे दिवस होते ते. पहिल्या आठवड्यात आजोबांना सगळा साज चढवून थिएटरच्या दाराशी उभं केलं होतं. पोरं हात मिळवायला रांग लावत. एका म्हातारीने त्याच्या तोंडाच्या जाळीशी पाण्याचा पेला धरला, का तर बिचारा उन्हात उभा आहे. आणि गिरणीतून सुटून आलेल्या एका कामगाराने थेट छातीवर थाप मारून विचारलं, "आमच्या पोटावर पाय द्यायला आलास होय रे?"

"अहो, माझंही पोट यातच अडकलंय," आजोबा आतून म्हणाले. तो बाबा जो पळत सुटला, तो तिकीट हातात घेऊनच. गोष्टीत इथे आजोबा नेहमी थांबायचे, कारण त्यांनाच हसू आवरायचं नाही.

शेवटचा प्रसंग मात्र ते कधी सांगत नसत. तो सगळ्यांना पाठच होता. ठोंब्याचा वीजपुरवठा तोडतात, तो आडवा होतो, डोळ्यांतले दिवे विझतात. त्याने सांभाळलेली पोरकी मुलगी त्याच्या छातीवर डोकं टेकते. आणि मेलेल्या ठोंब्याचा उजवा हात हळूच उचलला जातो आणि तिच्या गालाखाली जातो. अख्खं थिएटर हुंदके द्यायचं. यंत्राला मन असतं का, यावर वर्तमानपत्रांत महिनाभर पत्रं आली. त्या हातावर मी वर्षभर विचार करत होतो, असं दिग्दर्शक मुलाखतींत सांगत फिरला. आजीने तो सिनेमा सात वेळा पाहिला आणि सातही वेळा पदर ओला करून घरी आली. "बघा, पत्र्यालासुद्धा माया असते," ती म्हणायची, "नाहीतर तुम्ही!"

नात आता जुने सिनेमे स्वच्छ करणाऱ्या कंपनीत कामाला होती. पूर्वी त्या खोलीत अकरा जण बसायचे, आता तिघं. बाकीचं काम यंत्र करतं आणि आपली खुर्ची किती दिवसांची, हे तिघांपैकी कुणालाच माहीत नव्हतं. ठोंब्याचा सिनेमा आला तेव्हा तिने तो मागून घेतला आणि काम संपल्यावर आजोबांना मुद्दाम ऑफिसात आणलं.

चित्र काय लख्ख झालं होतं! पत्र्याचे सांधे जोडताना स्वतः दिलेला एकेक डाख आजोबांना ओळखू येत होता. ते खुर्चीत पुढे सरकून बघत होते. शेवट आला. दिवे विझले, मुलीने डोकं टेकलं. ठोंब्या नुसता पडून राहिला.

"हात कुठे गेला?" आजोबांनी विचारलं.

नात गोरीमोरी झाली. "यंत्राने काढला, आजोबा. सिनेमाचे सगळे जुने कागद त्याला वाचायला दिले होते. पटकथेत 'ठोंब्या निश्चल' असं लिहिलंय. आणि त्या दिवशीच्या चित्रीकरणाच्या वहीत दिग्दर्शकांनी लाल शाईने लिहिलंय, 'मूर्खाने हात हलवला. फिल्म संपली. हेच चालवावं लागणार.' म्हणून त्याने ती चूक धरली आणि दुरुस्त केली. मलाही ते बरोबर वाटलं. उद्या सकाळी ही प्रत जाणार."

"आणि परत आणायचा असेल तर?"

"कारण लिहून द्यावं लागतं, मग साहेब ठरवतात. पण कारण काय लिहू? ती चूकच होती ना?"

आजोबांनी पडद्यावरच्या निश्चल ठोंब्याकडे बघितलं. त्या सबंध सिनेमात त्यांचं स्वतःचं असं तेवढंच काही होतं. बाकी सगळं, चालायचं कसं, मान वळवायची कधी, दिग्दर्शकाने शिकवलेलं. ते गेलं तर आत कुणी माणूस होता, याची खूणही उरणार नव्हती.

"चूक होती," ते म्हणाले. "पण हाताची नाही. त्या सकाळी छातीचा पत्रा चेपला होता. दिग्दर्शक डोक्यावर बसलेला, फिल्म संपत आलेली. मी घाईत नवा पत्रा कापून बसवला आणि कड मुडपायची राहिली. अगं, उघड्या कडेचं साधं नरसाळं मी कधी दुकानाबाहेर जाऊ दिलं नव्हतं. आत पडल्यावर मला दिसत काही नव्हतं. पण तिचा श्वास जवळ आलेला कळला, आणि कळलं की गाल नेमका तिथेच टेकणार. मी मेलो होतो, कबूल. पण कड उघडी होती ना! ती पोर कापली असती."

"आणि हे तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाहीत?"

"काय सांगणार? लोक यंत्राला मन आहे म्हणून रडत होते आणि मला माझ्या कच्च्या कामाची लाज वाटत होती. तुझ्या आजीलासुद्धा नाही सांगितलं."

नातीने कीबोर्ड पुढे ओढला. आजोबांनी सांगितलं तसंच तिने लिहिलं, एक शब्द न सजवता : 'पत्र्याची कड मुडपायची राहिली होती. मुलीचा गाल कापला असता.' साहेब पलीकडच्या टेबलावरून उठून आले, पडद्यावरची ती दोन वाक्यं त्यांनी वाचली, मग आजोबांकडे बघितलं. "ठेवा हात," एवढंच म्हणाले आणि परत जाऊन बसले.

नातीने काढलेला हात परत घातला आणि शेवट पुन्हा लावला. दिवे विझले, मुलीने डोकं टेकलं, आणि हात उठला. चांगलाच अवघडलेला, जड, पण वेळेवर पोचला.

आजोबांनी चष्मा काढला. एवढ्या वर्षांत त्या जागी सगळे रडले होते, एकटे तेच रडले नव्हते, कारण त्यांना तिथे कायम ती उघडी कडच दिसायची. हात त्यांना आज पहिल्यांदा दिसला.