गुळासारखं संत्रं

पांढुर्ण्याच्या गोटमारीत, नदीच्या दोन काठांवरून चालणाऱ्या त्या दगडफेकीच्या जत्रेत, समोरच्या सावरगावकडून आलेला धोंडा केशवरावांनी दातांनी झेलला आणि तसाच परत थुंकला, ही गोष्ट तिगावात सगळ्यांनी ऐकलेली. कोणी हसून सोडे, कोणी चहा पाजून आणखी एक काढून घेई. त्या थापा केशवरावांना सहज पचत. रविवारची मात्र पचत नव्हती.

रविवारी दुपारी जर्मनीहून त्यांची लेक उर्वशी कॉम्प्युटरवर बोलायची. तिला बापाआधी परसातलं संत्र्याचं झाड पाहायचं असे. तिची आई शकुबाई वारली, त्याच्या आधीच्या पावसाळ्यात तिनं जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं ते शेवटचं कलम. खरं तर ते बकऱ्यांनी केव्हाच फस्त केलं होतं. गोटमार पाहायला पांढुर्ण्याला पळायच्या घाईत केशवराव फाटक लावायचे विसरले. मग खालच्या खुंटातून फुटली ती नुसती जंभेरी, काटेरी आणि आंबट. केशवरावांनी खिडकीतल्या कॅमेऱ्याच्या भिंगाला खोबरेल तेलाचं बोट लावलं, आणि दर रविवारी बाजारातलं संत्रं सोलत ते सांगू लागले, "तुह्या आईच्या झाडाचं हाये, पोरी. गुळासारखं!"

आज मात्र उर्वशी हट्टालाच पेटली.

"बाबा, सारं भुरकट दिसून राहिलं. भिंग पुसा."

"पुसलं न." पुसलं नव्हतं.

"मंग भिंगाभोवतीची कडी फिरवा, हळूहळू."

केशवरावांनी फिरवली, पण उलटी. झाडाचा नुसता हिरवा गोळा झाला.

"दुसऱ्या बाजूनं, बाबा!"

"राहू दे वं. सौंसरच्या बाजारातला कॅमेरा तो, त्याले मोतीबिंदू झाला."

उर्वशी हसली नाही. "आईचा एक फोटो धड नाई माह्यापाशी. म्हटलं, तिच्या झाडाचा तरी भिंतीवर लावू."

केशवरावांचा हात थांबला. मग त्यांनी धोतराच्या सोग्यानं तेल पुसलं आणि कडी सुलटी फिरवली. आधी पानं वेगळी झाली. मग काटे एकेक करून असे उभे राहिले, की जर्मनीत टोचावेत.

"बाबा, हे तं जंभेरी होय."

"हो."

"अन् आईचं कलम?"

"बकऱ्यांनी खाल्लं. फाटक माह्या हातून उघडं राह्यलं."

"मंग तुमी दर रविवारी काय खाऊन राह्यले होते?"

"पांढुर्ण्याच्या बाजारातलं."

धोंडा दातांनी झेलणाऱ्या माणसाला मान वर करवेना.

"एक तोडा," उर्वशी म्हणाली. "अन् खा माह्यासमोर. अख्खं."

केशवराव परसात गेले, बोटं ओरबाडून घेत एक जंभेरी तोडली आणि खिडकीशी येऊन सोलली. पहिल्याच फोडीला कानशिलं झणझणली, डोळ्यांतून पाणी आलं. चित्र आता इतकं स्वच्छ होतं, की तोंड लपवायला जागा नव्हती.

"कसं हाये?"

'गुळासारखं' ओठांवर आलंच होतं. त्यांनी ते फोडीबरोबर गिळलं.

"लई आंबट, पोरी."

"खा मंग," ती म्हणाली. आणि शेवटची फोड संपेपर्यंत पडद्यावरून हलली नाही.