स्टिकरखालचा पिवळा दिवा

“ही पिवळी बत्ती पेटली तर उद्यावर ढकलू नका हं, ताई,” गाडी विकणाऱ्या गृहस्थांनी आईला बजावलं होतं.

“हो हो,” आई म्हणाली. तिच्या कडेवर बाळ किरकिरत होतं आणि मागच्या सीटवर त्याची खुर्ची नीट बसते की नाही, याकडेच तिचं सगळं लक्ष होतं.

मित्रांनो, ती पिवळी बत्ती म्हणजे मीच. एका जुन्या गाडीत, स्टिअरिंगच्या मागे, वेगाच्या काट्याशेजारी माझं घर आहे. माझा आकार इंजिनासारखा. पण कुणाला मी नळाची तोटी वाटतो, तर कुणाला बदक.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईने मला लावलं, विझवलं, पुन्हा लावलं आणि “चला, हा पास!” म्हणत पुढे सरकवलं. मला मिळालेली शाबासकी एवढीच. घरातला दिवा लागला की माणसांना बरं वाटतं. मी लागलो की तोंडं वाकडी होतात. किल्ली फिरवली की क्षणभर उजळायचं आणि विझून गप्प बसायचं, ही माझी रोजची हजेरी. वर्षानुवर्षं मी असाच गप्प होतो.

एके दिवशी मात्र मी पेटलो तो विझेनाच.

झालं होतं असं, की इंजिनाचा जळका धूर जिथून सायलेन्सरच्या नळीत शिरतो, तिथे केसाएवढा तडा गेला होता. नळीतल्या सेन्सरला काहीतरी बिनसल्याचं कळलं. त्याने गाडीच्या कॉम्प्युटरला कळवलं आणि कॉम्प्युटरने मला पेटवलं. पण काय बिघडलंय, ते सांगायला मला तोंड कुठे आहे? तड्यातून निसटलेला धूर हवेच्या झडपेतून थेट गाडीत येत होता. त्यातला सगळ्यात घातक वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकालाही कळत नाही.

आई काळजीत पडली. तिचा भाऊ, म्हणजे बाळाचा मामा, हसायला लागला. “ताई, गाडी पळतेय ना? मग दिव्याला काय घेऊन बसलीस! तू म्हणजे माशी शिंकली तरी डॉक्टर गाठणारी.”

तरी तिने गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने स्कॅनर जोडला आणि सांगितलं, “सेन्सर गेलाय.” नवा सेन्सर बसला, मला विझवण्यात आलं. सगळे खूश झाले. दिवा गेला म्हणजे दुखणंच गेलं, नाही का! थोड्याच दिवसांत मी परत पेटलो. “आजकाल मालच असा येतो,” मेकॅनिक म्हणाला. “फुरसतीने आणा, बघू.” मग मामाने बाळाच्या खेळण्यावरचा हसऱ्या तोंडाचा स्टिकर काढला आणि माझ्यावर चिकटवला. “घे, आता गाडी हसतेय!”

मी त्या हसऱ्या तोंडाखाली जळत राहिलो.

बाळाला सगळे ढब्बू म्हणायचे. ढब्बू घरात रडून रडून आईला भंडावून सोडायचा आणि गाडीत ठेवला की शांत व्हायचा. “गाडी कसली, पाळणाच आहे हा,” आई कौतुकाने सांगायची. अगदीच आवरेना तेव्हा ती इमारतीखालच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून इंजिन सुरू ठेवायची. बाहेरच्या आवाजाने जाग येऊ नये म्हणून काचा बंद. ढब्बूची मान कलायची. आई कपाळ चोळत पुटपुटायची, “जागरणाने डोकं नुसतं ठणकतंय.”

बाई गं, उतर! पोराला घे आणि उतर! मी ओरडत होतो, पण दिव्याचं ओरडणं म्हणजे नुसतं पिवळं होणं. तेही कागदाखाली. लुकलुकणंसुद्धा माझ्या हातात नाही.

ढब्बू मलूल दिसतो म्हणून ती त्याला दवाखान्यात न्यायची. गाडीतूनच. तिथे मोकळ्या व्हरांड्यात बराच वेळ बसावं लागे. नंबर येईपर्यंत तो हातपाय झाडायला लागे. “छान खेळतोय की!” डॉक्टरीणबाई म्हणायच्या. “विश्रांतीची गरज तुम्हाला आहे.” आई ओशाळून निघायची आणि पुन्हा गाडीत बसायची.

एका दुपारी मोठ्या पुलावर गाड्या अडकल्या. पुढे हलेना, मागे सरकेना. ढब्बूला सर्दी होती, म्हणून काचा घट्ट लावलेल्या. मामा आईशेजारी बसला होता. आईचं डोकं गरगरत होतं. तिने मागे वळून पाहिलं.

“झोपलाय गं. कशाला उठवतेस? उठला की पुन्हा भोंगा,” मामा म्हणाला.

“ढब्बू,” तिने हाक मारली. “ए ढब्बू!” तिने त्याचा पाय हलवला. पाय हलवल्यावर हलला आणि तसाच पडून राहिला.

“घरी हा रडतो,” आई तुटक बोलू लागली. “दवाखान्यात खेळतो. गाडीतच असा का रे होतो? माझंही डोकं इथेच का दुखतं?”

तिची नजर स्टिकरवर गेली. कडेने माझा पिवळा उजेड झिरपत होता. तिने नखाने स्टिकर ओरबाडला. क्षणभर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो.

“उतर! सगळी दारं उघड!” ती किंचाळली. किल्ली बंद केली, पट्टा सोडवून ढब्बूला उचललं आणि ती अडखळत कठड्याकडे धावली. मागून भोंगे सुरू झाले. “ओ बाई, रस्ता काय अंगण आहे का?” कुणीतरी ओरडलं. आई ढब्बूचे गाल चोळत होती. “रड ना रे. एकदा रड. हवं तेवढं रड.”

उघड्या दारातून मला दिसत होतं, त्याचा हात लोंबत होता.

मग बारीकशी कुरकुर ऐकू आली. मागोमाग असा टाहो, की भोंगे वाजवणारे आपोआप गप्प झाले. मामा रस्त्यातच बसून रडू लागला. एका स्कूटरवालीने आई आणि ढब्बूला इस्पितळात पोचवलं. तिथे ढब्बूला ऑक्सिजन लावला. तो वाचला.

गाडी ओढून मेकॅनिककडे आणली. त्याने इंजिन सुरू करून सायलेन्सरचं तोंड ओल्या फडक्याने दाबलं. तेव्हा इंजिनाजवळ तो तडा सापासारखा फुसफुसला. नळी बदलली आणि मी विझलो.

मित्रांनो, माझं एक ऐका. गाडीत तुमच्या मागे धाकटं भावंड, आजोबा, कुणीही डोळे मिटून बसलं असेल, तर ‘झोपलंय, राहू दे’ म्हणू नका. नावाने हाक मारा. गालाला हात लावा. त्याने वैतागून तुमचा हात झटकला, तर फार उत्तम. नाही झटकला, तर गाडी थांबवायला लावा आणि त्याला मोकळ्या हवेत न्या. आणि तुम्ही हे प्रवासातच वाचत असाल, तर पुस्तक बाजूला ठेवा आणि आधी मागे वळून बघा.