पद्मिनीखालचा खड्डा

मुकुंदराव गेले त्याला वर्ष होत आलं, पण उमाबाईंना अजून धड रडू आलं नव्हतं. येत होता तो राग. सकाळी दूध तापवताना यायचा, दुपारी पंख्याखाली आडवं पडल्यावर यायचा, आणि नळाला पाणी यायच्या दिवशी तर असा यायचा की समोर कुणी सापडता तर त्याची धडगत नव्हती. पण ज्याच्यावर काढायचा तो भिंतीवर हार घालून हसत बसलेला. फोटोशी किती भांडणार?

बाकी सगळे त्या माणसावर जीव ओवाळून टाकत होते. आणि का टाकू नये? वाळूजच्या कारखान्यात नोकरी केली, पण जीव सगळा गाड्यांत. सिडकोतल्या घरापुढं पत्र्याची शेड, शेडमध्ये मोतिया रंगाची जुनी पद्मिनी गाडी, आणि तिच्याखाली माणूस उभा राहून काम करील एवढा खोल खड्डा. तो त्यांनी स्वतःच्या हातानं खणलेला. कुणाचीही गाडी कुरकुरली की या खड्ड्यावर येऊन उभी राहायची आणि मुकुंदराव पायजमा वर करून खाली उतरायचे. दुरुस्ती फुकट, वर चहा. गाडी बरी झाली की मालकाला पुढच्या सीटवर बसवायचे, इंजिन चालू करायचे आणि म्हणायचे, "डोळे मीट आणि ऐक." मग मालक डोळे मिटायचा, भोवतीचे चार दोस्तही मिटायचे, आणि देवळात असावी तशी शांतता व्हायची. दर रविवारी हा सोहळा. उमाबाईंना त्यात जागा नव्हती. कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण त्या वेळी त्यांचे पोहे कढईत असायचे.

कान असा, की गल्लीच्या तोंडाशी वळणाऱ्या गाडीचा कुठला पट्टा सैल आहे ते घरात बसून सांगायचे. मोरीपासून जिन्यापर्यंत घासत नेलेल्या पाण्याच्या ड्रमचा आवाज मात्र त्या कानात कधी शिरला नाही.

शहर इकडं फुलंब्रीच्या रस्त्यानं, तिकडं वाळूजच्या रस्त्यानं वाढत सुटलेलं, आणि पाणी आणणारी जलवाहिनी तीच जुनी. त्यात दुष्काळ. जायकवाडी धरण आटलं की सिडकोतल्या नळाला पाचव्या-सहाव्या दिवशी करंगळीएवढी धार यायची, तीही जमिनीलगतच्या तोटीला. वरच्या टाकीत चढायचा दम तिच्यात नव्हता. मग ड्रम, हंडे, बादल्या, आणि उमाबाईंची कंबर. मुकुंदराव मदतीला नाही म्हणत नसत, पण दुसरी बादली उचलेपर्यंत फाटकाशी हॉर्न वाजायचा.

साऱ्या घरात नळापेक्षा खोल जागा एकच होती, जिथं पाणी आपणहून उतरलं असतं. तो खड्डा. त्याची टाकी करा, वर स्लॅब टाका, मोटार बसवा, आणि गाडी उभी करा स्लॅबवर. गाडीला गाडी राहते, पाण्याला पाणी. हे उमाबाईंनी दर दुष्काळात सांगितलं. मुकुंदराव दर दुष्काळात "करू की" म्हणाले. मग एका सकाळी छातीत कळ आली, त्यांनी तिला गॅस म्हटलं, आणि संध्याकाळच्या आत गेले.

या उन्हाळ्यात उमाबाईंनी पुण्याला मुलाला फोन लावला. मंदार म्हणाला, "आई, खड्डा नको ना बुजवू. बाबांचा श्वास आहे तिथं."

"बुजवत नाही, टाकी करते. आणि तुझ्या बाबांचा श्वास असेल रे, माझी कंबर आहे."

पण मंदारनं आणि दोस्तांनी भलतंच ठरवून टाकलं होतं. वर्षश्राद्धाला शेडमध्ये पाटी लावायची, 'मुकुंद स्मृती कट्टा'. खड्ड्याला रंग, कडेला खुर्च्या, दर रविवारी बसायचं. उमाबाईंना कुणी विचारलं नव्हतं. चहा त्याच करणार होत्या, तेव्हा विचारायचं काय?

श्राद्धाची पानं उठली. जेवणाऱ्यांची ताटं घासायला आदल्या दिवसापासून पाणी राखून ठेवलं होतं, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. माणसं शेडमध्ये जमली. मंदारनं पाटीवरचं फडकं काढलं. फुलंब्रीचे आप्पासाहेब, मुकुंदरावांचे शाळेपासूनचे सोबती, धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत बोलले. "दुष्काळात ह्या माणसानं गाडी कधी धुतली नाय. ओल्या फडक्यानं पुसायचा. पाण्याची किंमत त्याला लई ठावकी व्हती."

उमाबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. ते फडकं भिजवायचं पाणी कुणी भरलं होतं?

मग कारभारी उठले. कारखान्यातले जोडीदार, बजाजनगरचे. माणूस सरळ, पोटात काही राहत नाही. "एक गोष्ट कुणाला ठावकी नाय, ती आज सांगतो. दोन हजार बाराच्या दुष्काळात वहिनी माहेरी लासूरला गेल्या व्हत्या. मुकुंदानं ठरवलं, वहिनी यायच्या आत ह्या खड्ड्याची टाकी करून टाकायची. पाइप आणला पार खड्ड्याच्या भिंतीपर्यंत. शिमिटाची पोतीबी आणली. तेवढ्यात आम्ही रविवारचे आलो. म्हणलो, मुकुंदा, टाकी झाल्यावर आम्ही बसायचं कुठं रं? यडा हसला. म्हणला, खरंय राव. अन् पाइपाच्या तोंडाला बूच ठोकलं. दोस्तासाठी घरचं काम मोडणारा असा दिलदार माणूस पुन्हा व्हणं नाय."

सगळे गहिवरले. कुणीतरी "वा" म्हणालं. आप्पासाहेबांनी पुन्हा सोगा डोळ्यांना लावला.

उमाबाईंनी ट्रे गाडीच्या बॉनेटवर ठेवला. त्या बॉनेटवर आजवर कुणी टाचणी ठेवली नव्हती.

"कारभारी भावजी, कुठंय ते बूच?"

कारभारींना वाटलं, वहिनींना दर्शन घ्यायचंय. मोठ्या उत्साहानं त्यांनी खड्ड्याच्या कडेची जुनी टायरं सरकवली. भिंतीतून वीतभर पाइप बाहेर आलेला, तोंडाला गंजकं बूच. कोपऱ्यात दगड झालेली सिमेंटची दोन पोती. ही पोती उमाबाईंनी शंभरदा पाहिली होती, झाडताना शिव्या घातल्या होत्या. कशासाठी आणली म्हणून विचारलं तेव्हा मुकुंदराव "बघू" म्हणाले होते.

"म्हणजे कळलं होतं त्यांना," उमाबाई म्हणाल्या. आवाज अजून खाली होता. "मला वाटायचं, या माणसाला कळतच नाही. कळलं होतं. करायलाही घेतलं होतं. आणि तुम्हाला बसायला जागा हवी म्हणून..."

"वहिनी, तसं नव्हं..." कारभारी चाचरले.

"तसंच आहे! इतकी वर्षं इथं बसून चहा ढोसलात, त्याचं पाणी आभाळातून पडत होतं? तुम्ही डोळे मिटून इंजिन ऐकत होतात, तेव्हा मागं मी ड्रम ओढत होते. एकालाही ऐकू आला नाही?"

"आई, आज तरी नको," मंदार म्हणाला.

"आजच. गाडी बाहेर काढा."

आप्पासाहेब पुढं झाले. "वहिनी, माणूस गेला. त्याच्या जागेला हात लावू नका."

"माणूस माझा गेला, भावजी. आणि जागाही माझीच आहे."

आप्पासाहेबांनी हळूच किल्ली मागितली.

"किल्ली नाही. ढकला. माझ्या ड्रमपेक्षा हलकी आहे."

आणि त्या सगळ्या इस्त्रीच्या सदऱ्यांनी पद्मिनी ढकलत रस्त्यावर नेली. चहा बॉनेटवरच गार होऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सांडू गवंडी आला. तेलानं काळा झालेला गिलावा त्यानं खरवडून काढला, भिंती सोड्यानं घासल्या, नवा गिलावा केला, वर स्लॅब ओतला. आप्पासाहेबांनी न सांगता ट्रॅक्टरनं वाळू पाठवली. उमाबाईंनी वाळू उतरवून घेतली, ड्रायव्हरला चहा दिला, आप्पासाहेबांना निरोप दिला नाही. स्लॅब पक्का झाल्यावर गाडी पुन्हा शेडमध्ये आली. पाटी तेवढी गच्चीत गेली.

त्यानंतरचं पाणी दुपारी आलं. तोटी खाकरली तशा उमाबाई पदर खोचून धावल्या, हंडा लावला, आणि मग आठवलं. सांडूनं बूच काढून पाइप जोडला होता. धरायला काही नव्हतं, उचलायला काही नव्हतं. हातांचं काय करावं ते कळेना. त्या शेडमध्ये गेल्या, पद्मिनीचं दार उघडलं आणि स्टिअरिंगपुढं बसल्या. खाली रिकाम्या टाकीत पाणी पडत होतं, मोठ्यानं, कुणाच्या मदतीशिवाय.

"एवढंच होतं," त्या म्हणाल्या. "एवढंच होतं हो! माझ्यासाठी करायला निघाला होतात आणि एका हसण्यासरशी बूच ठोकून मोकळे झालात."

त्यांनी स्टिअरिंगवर मूठ आपटली. हॉर्न वाजला. आणि सवयीनं त्या उठल्याच, चहा टाकायला. एक पाय दाराबाहेर पडला, तेव्हा कुठं लक्षात आलं की फाटकाशी कुणी नाही. हॉर्न आपणच वाजवलाय.

त्या परत बसल्या. दार ओढून घेतलं. वर्षभर अडकलेलं रडू आता आलं, पण राग काही गेला नाही. दोन्ही बरोबरच होते. शेजारची सीट रिकामी होती, तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या,

"अहो, डोळे मिटा आणि ऐका."