डाव्या हाताची गाठ

खेमकाने त्या नागड्या माणसाभोवती आणखी एक फेरी मारली आणि कपाळाला हात लावला. घाटावरच्या नोकरीत त्याचा सगळा जन्म लोकांच्या गाठी सोडण्यात गेला होता. गाठोडं असो, कनवट असो की बाईच्या पदराची गाठ असो, गंगा ओलांडायची तर आधी ती खेमकापुढे सोडायची आणि मगच नावेत पाय ठेवायचा. इथे सोडायला काही नव्हतंच. माणसाच्या अंगावर सूतभर कापड नव्हतं, हातात लोकरीचा एक कुंचा तेवढा होता.

"डोकं पुढं कर," खेमक म्हणाला.

साधूने मान वाकवली. खेमकाने टाळूवर बोटं फिरवली. मागे निगंठाच्या, म्हणजे नागड्या जैन साधूच्या, वेषातला एक हेर त्याने पकडून दिला होता. त्याचं डोकं वस्तऱ्याने गुळगुळीत केलेलं निघालं. खरे निगंठ केस हाताने उपटतात. याच्या टाळूवर कुठे खुंट होते, कुठे वाळलेली खपली. म्हणजे माणूस खरा दिसत होता. पण पलीकडच्या वज्जींना आपली चूक एव्हाना कळली असेल, या खेपेला त्यांनी उपटूनच पाठवला असेल, असं खेमकाच्या मनात आलं.

त्याचा स्वभावच तसा होता. आंब्याला मोहोर जास्त आला तरी यात काहीतरी काळंबेरं आहे असं त्याला वाटायचं. त्यात आता मगधाची आणि वज्जींची लढाई तोंडावर आलेली. पलीकडे माणूस, निरोप, चिंधीसुद्धा जाता कामा नये, नाहीतर सूळ. ही दवंडी गावात खेमकानेच पिटली होती. त्याची एकुलती लेक तिस्सा पलीकडेच दिली होती आणि ती दिवसांत होती. "तिचं नाव काढायचं नाही," असं त्याने बायकोला, सामाला, बजावलं होतं. "मी घाटावरचा माणूस आहे." सामाने त्यानंतर नाव काढलं नव्हतं. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला सामावर संशय घ्यायचं कधी सुचलंच नाही.

आज पहाटे गस्तीच्या शिपायाला नदीकाठच्या उंबराखाली एक गाठोडं सापडलं. दहा पावलांवर हा साधू डोळे अर्धे मिटून उभा होता. शिपायाने साधूला आणि गाठोड्याला घाटावर आणलं, गाठोड्यावर टोपली उपडी घातली, गस्तीच्या नायकाशिवाय कुणी हात लावायचा नाही असं सांगितलं आणि तो नायकाला बोलवायला गेला.

"गाठोडं तुझं?" खेमकाने विचारलं.

"मी काही बाळगत नाही."

"मग ठेवलं कुणी? तू तिथंच होतास."

साधूने कुंचा दुसऱ्या हातात घेतला.

"दिसलं नाही म्हण की."

"दिसलं नाही असं मी म्हणत नाही."

"मग बोल ना, बाबा."

"माझ्या बोलण्यानं कुणाचा जीव जाणार असेल तर मी बोलत नाही."

"आणि न बोलून तुझा गेला तर?"

खेमकाला वाटलं, पक्का पढवलेला आहे. त्याने विहिरीचं गार पाणी लोटाभर आणून पुढे धरलं. निगंठ कच्चं, न उकळलेलं पाणी पीत नाहीत आणि वाळू तर लाहीसारखी तापलेली. साधूचे ओठ फुटून रक्ताळले होते. त्याने लोट्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

तेवढ्यात सामा नवऱ्याची पेज घेऊन आली. साधूला पाहून ती जागच्या जागी थिजली. नागडा माणूस बघून लाजली असेल, असं खेमकाला वाटलं.

"काय केलं यांनी?" तिने विचारलं.

"तेच तर सांगत नाही. संध्याकाळी सुळावर सांगेल."

पेज ठेवून ती घरी गेली आणि मडकं घेऊन परत आली. "तांदळाचं धुवण आहे," ती साधूला म्हणाली. "हे तुम्हाला चालतं म्हणतात."

"कुणासाठी ठेवलं होतं?" साधूने विचारलं. खास आपल्यासाठी केलेलं निगंठ घेत नाहीत.

"म्हशीसाठी."

साधूने ओंजळ पुढे केली. सामा डावखुरी. मडकं रिकामं होईपर्यंत ती डाव्या हाताने धार सोडत होती.

"म्हशीचं चालतं, माझ्या लोट्यातलं नाही," खेमक पुटपुटला.

उन्हं कलली तेव्हा नायक आला. टोपली काढली. "सोड रे गाठ," तो म्हणाला.

खेमक खाली बसला. गाठीला बोटं लागली आणि त्याचा हात थांबला. माणूस गाठ उजवीकडून आवळतो. ही डावीकडून आवळलेली होती. रोज दुपारी त्याच्या भाकरीच्या फडक्याला हीच गाठ असे. त्याने वर बघितलं नाही. सामा मागेच उभी होती, तिचा श्वास त्याला ऐकू येत होता.

आत सुंठ निघाली, गुळाची ढेप निघाली आणि बाळाचं एक इवलंसं टोपडं.

"साधूला कशाला लागतंय हे?" नायक म्हणाला. "खूण असणार कसली तरी. याचंच ना रे, खेमका?"

हो म्हटलं की सुटत होतं. साधूने तोंड उघडलं नसतं, याची खेमकाला आता खात्री होती. सबंध दिवसात त्याची पहिली खात्री.

"माझं आहे," खेमक म्हणाला. "लेक बाळंत व्हायची आहे पलीकडं. मी ठेवलं."

नायकाने टोपडं उचलून उलटंसुलटं केलं. मग साधूकडे वळला. "तू होतास तिथं. यानंच ठेवलं का?"

साधू गप्प उभा होता. खोटं त्याला चालत नव्हतं आणि खरं त्याने गिळलं होतं.

"जा बाबा," नायक वैतागून म्हणाला. "दगडाशी कोण बोलणार."

साधूने कुंच्याने पुढची वाळू हलकेच झाडली आणि किडामुंगी बघत तो चालू लागला. त्याने एकदाही मागे पाहिलं नाही.

"दवंडी तूच पिटलीस, खेमका."

"जी."

"सोड पट्टा. राजगृहाला जायचंय."

घाटाचा लाल पट्टा खेमकाने वर्षानुवर्षं रोज सकाळी बांधला होता. आज गाठ काही सुटेना. सामा पुढे झाली. तिचा डावा हात कमरेशी आला.

"उजव्यानं," खेमक तिच्याच कानाला ऐकू जाईल इतकं हळू म्हणाला.

तिने डावा हात पदराखाली घेतला. नायक नदीकडे तोंड करून उभा राहिला. गाठ साधीच होती, पण सामाला ती सोडायला फार वेळ लागला.