हा गळ आणि ती गळ

सासूबाईंनी उकडलेल्या मक्याचा दाणा गळाच्या टोकाला ओवला, काठी जावयाच्या हातात दिली आणि त्याच्या पँटची कडक इस्त्री बघून हसू दाबलं.

"असं धरा. आणि हात धुवायला इथे नळ नाही, आधीच सांगते."

जावई शहरात चष्मे विकायचा. मासळीच्या वासानं त्याला मळमळायचं, आणि काठावरच्या चिखलात तो मांजरासारखा एकेक पाय उचलून टाकत होता. पण आज बायकोनं त्याला मोहिमेवर पाठवलं होतं. उन्हाळ्यात सासूबाई घरामागच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि शेजारीण येईपर्यंत तशाच पडून राहिल्या. तेव्हापासून लेकीच्या जिवाला घोर लागला होता. थंडी पडायच्या आत आईला कायमची घेऊन ये, होकार घेतल्याशिवाय तोंड दाखवू नकोस, असं तिनं बजावलं होतं.

नदी इतकी रुंद, की पलीकडचा माणूस ओळखू येऊ नये. काठच्या झाडांची पिवळी पानं पाण्यावरून रमतगमत चालली होती. थंडीची चाहूल लागली की कार्प मासे कसे अधाशासारखे खातात, हे सासूबाई रंगात येऊन सांगत होत्या. जावयानं घसा खाकरला.

"आई, तुम्हाला एक गळ घालायची होती."

"आधी हा गळ पाण्यात टाका. मग ती घाला."

तो ओशाळून हसला. पहिल्यांदा गळ झुडपात अडकला, दुसऱ्यांदा कसाबसा पाण्यात पडला. दोरीला बांधलेलं बूच पाण्यावर स्थिरावलं, तशा सासूबाईच म्हणाल्या,

"तिनंच पाठवलंय ना? येते मी. बॅग भरून ठेवलीय कालच."

वाटेत घोकलेली सगळी वाक्यं वाया गेली. जावयाला खरं तर हायसं वाटायला हवं होतं.

"तुमच्या इमारतीखाली कारंजं आहे ना?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण बंद असतं."

"असू दे. शेजारी बसता तरी येईल."

तेवढ्यात बूच गडप झालं आणि काठी कमानीसारखी वाकली.

"ओढू नका. जाऊ द्या त्याला. अहो, जाऊ द्या... अरे गाढवा, ढील दे की."

सासूबाईंनी जीभ चावली, पण माफी मागायला सवड कुणाला होती? जावई घसरू लागला तशी त्यांनी मागून त्याचा पट्टा घट्ट धरला. "आता घे. हळू. पुन्हा सोड. शाब्बास." त्यानंतर 'तुम्ही' त्यांना काही सापडलंच नाही. मासा दमून काठाशी आला तेव्हा त्या गुडघाभर पाण्यात उतरल्या होत्या, केस सुटले होते, आणि चेहरा असा फुलला होता की जावई माशाकडे बघायचं विसरला.

"म्हातारी आहे, या डोहातलीच," त्या म्हणाल्या. गळ अलगद सोडवून त्यांनी तिला दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवलं. ती शेपटी हलवेपर्यंत त्या वाकूनच होत्या. मग हात सैल केले.

जावई काठावर बसून राहिला. अंगाला माशाचा वास येत होता आणि त्याला मळमळत नव्हतं. खिशातला फोन वाजला. बायकोच होती.

"काय म्हणाली आई?"

त्यानं सासूबाईंकडे पाहिलं. त्या पाठमोऱ्या उभ्या राहून काठी पुसत होत्या.

"नाही म्हणतात," तो म्हणाला. "हो गं, सगळं सांगून पाहिलं. हटूनच बसल्यात... पायऱ्यांना कठडा बसवून घेतो मी, आणि दर रविवारी येत जाईन... हो, मीच. होईल सवय."

बायको बराच वेळ कुरकुरली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

"मी हो म्हटलं होतं," सासूबाई मागे न वळता म्हणाल्या.

"वारा फार आहे इथे. ऐकू आलं नाही."

वाऱ्याची झुळूकही नव्हती. सासूबाईंनी बाहीनं डोळे पुसले, मग नाक पुसलं, आणि उगाचच ती काठी पुन्हा एकदा पुसून काढली.

"रविवारी उजाडताच ये," त्या म्हणाल्या. "ऊन चढलं की मासे खात नाहीत."