निळा कीस

धाकटीच्या लेथमधून निघणारा पोलादाचा कीस कापणाऱ्या टूलपासून सुटताना चांदीसारखा असे. बोटभर पुढे गेला की गव्हाळ होई आणि खालच्या ट्रेमध्ये पडेपर्यंत निळा. तुकडे सगळे सारख्या लांबीचे, नऊच्या आकड्यासारखे वळलेले. शेजारच्या लेथखाली थोरलीचा ट्रे होता. त्यात मिरपूड सांडावी तशी राखाडी भुकटी, आणि मध्येच एखादी लांबलचक गुंतलेली तार.

निळा रंग का येतो हे थोरलीला नेमकं माहीत होतं. तापलेल्या पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो किती जाड यावर रंग ठरतो. धाकटीला यातलं काही माहीत नव्हतं. "छान दिसतंय ना, ताई? कानातल्या रिंगा होतील याच्या," असं म्हणून ती पुढचा नग लेथच्या पकडीत, चकमध्ये, आवळायची.

आपल्याला माहीत असून जमत नाही, हिला माहीत नसून जमतं. थोरली रोज सकाळी एप्रन बांधताना हे ठरवून विसरायची आणि पहिला कीस पडला की तिला ते पुन्हा आठवायचं.

दोघी सख्ख्या जावा. वर्कशॉप त्यांच्या नवऱ्यांच्या मामांचं. पंपांचे सुटे भाग बनवायचं. दोन छोटे लेथ, एक मोठा, आणि कोपऱ्यात मोजणीची काचेची खोली. मोठ्या लेथवरचा जुना कारागीर पाठीच्या दुखण्यानं घरी बसला, तेव्हा मामा एकदा जेवताना म्हणाले होते, "बाहेरचा माणूस आणायचा, शिकवायचा, आणि शिकला की तो भुर्रकन उडणार. घरातलं कुणी येतंय का?"

दोघा भावांनी ताटात बघितलं.

"मी येते," धाकटी म्हणाली.

"मीपण," थोरली म्हणाली. धाकटी आधी बोलली होती, हे ती विसरली नव्हती.

मामांनी दोघींना घेतलं, पण आडपडदा ठेवला नाही. मोठा लेथ एकीलाच मिळणार. छोट्यांवर काम असलं तर असतं, नसलं तर नसतं. जिच्या हाती मोठा लेथ, तीच खरी या धंद्यात शिरली.

धाकटीनं आपलं पार्लर बंद केलं. थोरलीनं प्रयोगशाळेत वर्षभराची बिनपगारी रजा टाकली. तिथं तिची एकोणीस वर्षं पाण्याचे नमुने तपासण्यात गेली होती. पाणी दुसऱ्यांनी आणलेलं, घाण तिसऱ्यांनी केलेली, तिचा फक्त आकडा. आपल्या हातून अशी एखादी वस्तू व्हावी, की जी टेबलावर ठेवली तर 'टक्' आवाज येईल, एवढंच तिला हवं होतं. पंचेचाळिशीला टेकलेल्या बाईनं हे कुणाला सांगावं, तर ऐकणारा हसेल, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

आता रजा संपत आली होती. प्रयोगशाळेतून साहेबांचा फोन यायचा, "मॅडम, तुमची जागा धरून ठेवलीय. येताय ना?" ती म्हणायची, "कळवते."

"दोन डगरींवर पाय ठेवून किती दिवस उभी राहणार?" नवरा विचारायचा. "एकदा काय ते ठरव."

"ठरवते."

"हे उत्तर मला आता पाठ झालंय."

ठरवत का नव्हती, तर मामा ठरवत नव्हते म्हणून. निदान ती स्वतःला असं सांगायची. मामांना विचारलं की ते नाकावरचा चष्मा कपाळावर सरकवून म्हणायचे, "बघू."

तिचा दोष मामांनी पहिल्याच महिन्यात दाखवला होता. माप जवळ आलं की थोरली घाबरायची. मिलिमीटरचा एक शतांश, अर्धा शतांश, असं भीत भीत टूल पुढे न्यायची. इतक्या कमी कापाला टूल कापत नाही, नुसतं घासतं. घासून घासून पृष्ठभाग कडक होतो, आणि मग टूल एकदम चावतं ते मापाच्या पलीकडे. मामांनी तिच्या नगावरच्या गुळगुळीत चमकणाऱ्या पट्ट्यावर नख फिरवलं. "हे कापलेलं नाही, घासलंय. तू लोखंडाची परवानगी मागत बसतेस गं. 'कापू का? नको ना? बरं, राहू दे.' ते हो कशाला म्हणेल?"

धाकटी खो खो हसली. मामाही हसले. थोरलीही हसली, कारण न हसणं वाईट दिसलं असतं.

घरी सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "धाकटीच्या हाताला गुण आहे. लोकांचे केस कापता कापता लोखंड कापायला लागली, बोला!" मग थोरली ऐकतेय हे लक्षात येऊन, "आणि आमची मोठी हुशार," असं जोडायच्या. हुशार! त्या शब्दाचा इतका राग तिला आयुष्यात कधी आला नव्हता.

ब्राँझच्या बुशांचं काम आलं ते अशा दिवसांत. बुश म्हणजे पंपाच्या पोटात ठोकून बसवायचं नळकांडं. पातळ भिंतीचं, हाताच्या पंजाएवढं रुंद. ठोकून बसवायचं म्हणून बाहेरचं माप अगदी काटेकोर. गिऱ्हाईक घाईला आलं होतं. मामांना माल आणायला बाहेर जायचं होतं.

"मोठ्या लेथवर आज धाकटी," ते म्हणाले. "थोरले, तू मोजणीला."

करणाऱ्यानं आपला नग आपण पास करायचा नाही, ही मामांची पद्धत. "आपला तो बाब्या," ते म्हणायचे. "वजनात भरला नाही तरी आईला गुटगुटीतच दिसतो." करणाऱ्यानं लेथवर माप घ्यायचं, पण शेवटचा शब्द काचेच्या खोलीतल्या माणसाचा.

थोरली स्टुलावर बसली. काचेतून धाकटीची पाठ दिसत होती. मोठ्या लेथसमोर ती अशी उभी होती, जशी लहानपणापासून तिथंच उभी असावी. एक पाय किंचित पुढे, खांदे सैल. थोरलीला ती उभं राहण्याची पद्धतसुद्धा हवी होती.

पहिला बुश झाला. धाकटीनं तो फडक्यात धरला, या हातातून त्या हातात टाकला, फुंकर मारली, आणि लगेच मायक्रोमीटर लावला. मान हलवली. लेथची डायल त्याच आकड्यावर ठेवून दुसरा नग चढवला.

थोरली स्टुलावरून अर्धी उठली.

नग गरम होता. पोलादाची बरीचशी उष्णता किसाबरोबर निघून जाते. पण ब्राँझ जास्त फुगतं, आणि ही पातळ भिंत आतून-बाहेरून कापली गेली होती. ती ऊब धरून ठेवणार. गरम असताना जे माप बरोबर, ते गार झाल्यावर चार शतांश कमी भरणार. केसाच्या निम्म्याहून जास्त. बुश पंपात सैल बसणार. मामांनी एकदा सांगितलं होतं, हाताला गार लागल्याशिवाय मापू नका. धाकटीच्या डोक्यातून ते गेलं होतं. खोलीच्या दारातून एक हाक पुरली असती. 'अगं, गार होऊ दे.'

थोरली पुन्हा बसली.

बसली, आणि तिला बरं वाटलं. हे तिला स्पष्ट कळलं. दुसरा बुश झाला. तिसरा. धाकटी गुणगुणत होती. प्रत्येक नग ती खोलीत आणून ठेवत होती, आणि ठेवताना 'टक्' आवाज होत होता.

"जमतंय ना, ताई?" तिनं दारातून विचारलं.

"गार झाले की मोजते," थोरली म्हणाली. यात खोटं काही नव्हतं.

"तुम्ही मोजताय म्हणून मी निर्धास्त. मला तर बाई आज पंख फुटलेत!"

ती गेली. थोरलीनं पहिला बुश हातात घेतला. अजून कोमट होता. तिनं तो तळहातावर धरून ठेवला. काम सुरेख होतं. कडा स्वच्छ, आतून आरशासारखा. असा नग तिच्या हातून एकदाही झाला नव्हता. आणि हा नग वाया गेला होता, आणि आणखी एक आत्ता जात होता, आणि तिला तो जायला हवा होता.

तिनं दार उघडलं. "थांबव!"

लेथ थांबला. "काय झालं?"

"गरम मोजतेयस तू. सगळे कमी भरणार."

धाकटी धावत आली. नग पुरते गार झाल्यावर थोरलीनं ते एकेक करून मापले. सगळे कमी. धाकटी खाली बसली, तिथंच, फरशीवर. मामा आले तेव्हा ती तशीच होती.

मामांनी बुश बघितले, मापले, चष्मा कपाळावर सरकवला. ओरडले नाहीत. "हे कुठल्या तरी लहान पंपाला वळवू," म्हणाले. मग थोरलीकडे वळले. "ही गरम मापतेय हे तुला कधी कळलं?"

'मापल्यावर' असं म्हणता आलं असतं. धाकटीनंही तेच धरलं होतं.

"पहिल्याच नगाला," थोरली म्हणाली.

धाकटी उठली. "पहिल्या? ताई, पहिल्या? मग तोंडात काय मिठाची गुळणी धरली होतीत?"

"हो."

"का पण?"

"तू चुकावंस म्हणून."

धाकटीचा आवाज चढत गेला. "तुमचं बरं आहे हो! इथं जमलं तर जमलं, नाही तर तिकडे तुमची खुर्ची पुसून ठेवलीय. माझ्या खुर्च्या मी विकल्या, आरसेसुद्धा! हा लेथ गेला तर मी कुणाच्या डोक्याला हात लावू? आणि तुम्ही आत बसून मजा बघत होतात. हुशार माणसं!"

थोरलीनं मान खाली घातली नाही. धाकटीचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि तरी तिच्या मनात हेव्याचं टोक तसंच होतं. हिच्याकडे परतीची वाटच नाही. म्हणूनच हिचं टूल भीत नाही. याचाही हेवा वाटावा, याचं तिला नवल वाटलं.

"पुरे," मामा म्हणाले. ते स्टुलावर बसले. "मी उगाच लांबवलं. माझंच चुकलं. धाकटे, मोठा लेथ तुझा. घाई कमी कर. आणि थोरले, जे झालं ते वाईट झालं, पण लेथला हात न लावता, काचेआडून तुला गरम नग कळला. असा डोळा मला विकत मिळायचा नाही. तू मोजणीला बस. कायमची. पगार हिच्यापेक्षा जास्त देईन. शिक्षणही वाया जाणार नाही तुझं."

थोरलीनं खोलीकडे बघितलं. स्वच्छ टेबल, पांढरा उजेड, दुसऱ्यानं आणून ठेवलेले नग, आणि आपला फक्त आकडा. घरी सगळे खूश होतील. सासूबाई म्हणतील, बघा, हुशार ती हुशारच.

"हो म्हणा आता," धाकटी फणकारली. "सोन्याचं ताट आलंय समोर."

"नको," थोरली म्हणाली.

मामांनी चष्मा खाली घेतला. "मग परत तिकडे?"

"तिकडेही नाही. आज साहेबांना फोन करून राजीनाम्याचं सांगते." मग ती धाकटीकडे वळली, कारण हे तिलाच सांगायला हवं होतं. "मला छोट्याच लेथवर राहायचंय. काम असेल तेव्हा. तुझा हेवा वाटतो मला, आत्तासुद्धा वाटतोय, आणि उद्याही वाटेल. पण मला कापायला शिकायचंय, आणि ते मी तुझ्या हाताखाली शिकणार आहे."